दगडी हत्यारांतील जीवाश्म ओळखताना

अश्मयुगीन माणसाने घडवलेल्या एखाद्या हत्याराच्या पृष्ठभागावर शिंपल्याच्या रेघा, पाच पाकळ्यांची आकृती किंवा जाळीदार ठिपके दिसले, की पाहणाऱ्याच्या मनात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. हा कोणता जीव आहे, आणि हत्यार घडवणाऱ्याच्या नजरेला तो पडला होता का? दुसरा प्रश्न इतका मोहात पाडणारा आहे की पहिल्याचे उत्तर नीट मिळण्याआधीच त्यावर चर्चा रंगू लागते. माझे मत असे, की जीवाश्माची ओळख पक्की केल्याशिवाय माणसाच्या हेतूविषयी बोलण्यात अर्थ नाही. शिवाय माणसाविषयी सर्वांत भरवशाची माहिती बहुधा डोळ्यांत भरणारा शिंपला देत नाही, तर भिंगाखालीच दिसणारा एखादा बारीक ठिपका देतो.

सुरुवातीलाच एक गोंधळ दूर केलेला बरा. इंग्लंडमधील केंट परगण्यात स्वान्सकॉम्ब येथे सापडलेल्या एका हातकुऱ्हाडीत कॉन्युलस या समुद्री अर्चिनचा, म्हणजे काटेरी, गोलसर कवचाच्या समुद्री प्राण्याचा, जीवाश्म आहे. ही हातकुऱ्हाड अश्युलियन या पुराश्मयुगीन हातकुऱ्हाडींच्या परंपरेतील असून सुमारे ४ लाख वर्षांपूर्वीची मानली जाते, तर त्यातील अर्चिन क्रिटेशस कालखंडाच्या उत्तरार्धात, म्हणजे सुमारे १० कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दरम्यान, समुद्रतळावर जगत होता. जीवाश्मावरून कळते ते दगडाचे वय. हत्याराचे वय ते ज्या थरात सापडले त्या थरावरून, सोबतच्या प्राण्यांच्या हाडांवरून आणि घडणीच्या पद्धतीवरून ठरवावे लागते. जीवाश्म फार जुना आहे म्हणून हत्यारही फार जुने, असा निष्कर्ष काढणे ही या विषयातील सर्वांत सहज होणारी चूक आहे.

दगडात जीवाश्म येतात कुठून

हत्यारांसाठी वापरलेल्या सगळ्याच दगडांत जीवाश्म असत नाहीत. बेसाल्ट, रायोलाइट आणि ऑब्सिडियन हे दगड ज्वालामुखीच्या रसापासून बनलेले असल्यामुळे त्यांत जीवाश्म मिळण्याची शक्यता जवळजवळ नसते. क्वार्टझाइटमध्ये मूळ वालुकाश्म उष्णतेने आणि दाबाने बदललेला असतो, त्यामुळे त्यातील अवशेष बहुधा पुसले गेलेले असतात. तेव्हा दगड कोणता आहे हे आधी ठरवले, तर निम्मे काम तिथेच होते: बेसाल्टच्या हत्यारावर शिंपला दिसतो असे कोणी म्हणत असेल, तर त्याचे कारण बहुधा शिंपल्याव्यतिरिक्त दुसरेच काहीतरी असणार.

जीवाश्मांचे खरे भांडार म्हणजे चकमक आणि तिच्याच जातीचा चर्ट हा दगड. दोन्ही मुख्यतः अतिसूक्ष्म क्वार्ट्झचे, म्हणजे सिलिकाचे बनलेले असतात. खडूच्या खडकातील चकमकीची कहाणी आता बऱ्याच तपशिलाने कळलेली आहे. हा खडक समुद्रातील अतिसूक्ष्म शैवालांच्या चुनखडी तबकड्यांचा गाळ साचून बनला. त्याच समुद्रात स्पंज, तसेच रेडिओलॅरिया आणि डायटम हे सूक्ष्म एकपेशी जीव होते, आणि त्यांचे सांगाडे चुन्याचे नसून सिलिकाचे होते. हे जीव मेल्यावर त्यांची सिलिका गाळातील पाण्यात हळूहळू विरघळली. समुद्रतळाखाली काही मीटरवर, जिथे वरून झिरपणारा ऑक्सिजन आणि खालून जिवाणूंच्या क्रियेमुळे वर येणारा हायड्रोजन सल्फाइड यांची गाठ पडते, तिथे पाणी किंचित आम्लधर्मी झाले, चुना विरघळू लागला आणि त्याची जागा सिलिकाने घेतली. आधी ओपल, मग अधिक स्थिर रूप आणि अखेर क्वार्ट्झ, असा हा प्रवास दीर्घकाळ चालला.

ही क्रिया गाळ पूर्ण दबून कठीण होण्याआधी सुरू झाली, ही गोष्ट जीवाश्मांच्या दृष्टीने मोलाची आहे. चिखलात रुतलेला अर्चिन, तुटका शिंपला, स्पंजची जाळी या सगळ्यांभोवती सिलिका साचली आणि त्यांचा मूळ आकार चेपला जाण्यापूर्वी त्यात बंदिस्त झाला. खडूतील चकमकीचे अनेक गोळे बोटांसारखे फुटवे असलेले दिसतात, याचेही कारण तेच आहे: समुद्रतळात खेकड्या-कोळंब्यांच्या गोत्रातील प्राण्यांनी केलेल्या बिळांमध्ये सिलिका जमली आणि बिळाचाच आकार दगडाला आला. त्यामुळे ज्या हत्यारावर एकही शिंपला दिसत नाही, त्याचा मूळ गोळाही एखाद्या प्राण्याच्या बिळाचा ठसा असू शकतो.

जीवाश्म कोणत्या रूपात आहे

ओळख पटवताना आकारापेक्षाही आधी पाहायचे ते टिकून राहण्याचे रूप, कारण एकच प्राणी तीन-चार वेगवेगळ्या रूपांत समोर येतो आणि प्रत्येक रूपात त्याच्या खुणा बदलतात.

काही वेळा मूळ चुनखडी कवच तसेच राहते. अर्चिनच्या बाबतीत हे ओळखणे सोपे आहे, कारण त्याच्या कवचाची प्रत्येक पट्टी कॅल्साइटचा एकच स्फटिक असल्यासारखी वागते आणि फुटली तर सपाट, चकाकणारा पृष्ठ देते. चकमकीच्या गुळगुळीत, वक्र फुटीत असा सपाट चमकणारा तुकडा लगेच उठून दिसतो. काही वेळा कवचाची जागा पूर्णपणे सिलिकाने घेतलेली असते. अशा शिंपल्यांवर कधीकधी एकाभोवती एक अशी सिलिकाची बारीक कडी दिसतात. ही कडी प्राण्याच्या वाढीच्या रेषा नसून खनिज साचण्याच्या खुणा आहेत, हे ध्यानात ठेवावे लागते.

तिसरे रूप सर्वांत फसवे आहे. कवच नंतर विरघळून जाते आणि उरतो तो आतल्या पोकळीत भरलेल्या चकमकीचा गोळा. यावर प्राण्याची बाहेरची नक्षी नसते, आतल्या बाजूची असते. अर्चिनच्या कवचावरील सूक्ष्म छिद्रांत सिलिका शिरलेली असल्यामुळे आतल्या साच्यावर त्या छिद्रांच्या जागी बारीक उंचवटे ओळीने दिसतात. जिथे खड्डा असायला हवा तिथे उंचवटा आहे म्हणून हा अर्चिन नव्हेच, असे ठरवणारा माणूस इथे फसतो. याच्या उलट, बाहेरच्या दगडात उरलेल्या पोकळीत प्राण्याच्या बाह्य पृष्ठाचा उलटा ठसा असतो. अशा पोकळीचे छायाचित्र घेऊन त्यातील उजेड-सावली संगणकावर उलटवली, तर मूळ आकार बराच स्पष्ट होतो.

जे जीवाश्म नाहीत

जीवाश्म म्हणून दाखवल्या जाणाऱ्या खुणांपैकी पुष्कळशा प्रत्यक्षात दगड फुटण्याच्या किंवा झिजण्याच्या खुणा असतात, म्हणून या भागावर मी थोडा अधिक वेळ घालवणार आहे.

चकमक फोडली की तिचे शंखाभ भंजन होते. आघात जिथे झाला तिथे एक छोटा फुगवटा उमटतो आणि तिथून बाहेरच्या दिशेने वक्र तरंग पसरत जातात. हे तरंग शिंपल्याच्या वाढीच्या रेषांशी इतके जुळतात की छायाचित्रावरून निवाडा करणे अनेकदा अशक्य होते. प्रत्यक्ष दगड हाती असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. तरंगांचे केंद्र छिलका निघालेल्या पृष्ठाच्या कडेला, आघातबिंदूपाशी आहे का? तरंग त्या एकाच पृष्ठापुरते मर्यादित असून शेजारच्या, दुसऱ्या आघाताने निघालेल्या पृष्ठावर एकाएकी थांबतात का? आणि उंचवटा असो की खोलगट भाग, दगडाचा रंग व पोत सगळीकडे सारखाच आहे का? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर तो शिंपला नाही. खऱ्या शिंपल्याला जाडी असते. तो एका पृष्ठावरून कडेपर्यंत येतो आणि कड ओलांडून पलीकडच्या पृष्ठावर त्याचा आडवा छेद दिसतो, बहुधा भोवतालच्या दगडापेक्षा फिकट किंवा गडद पट्टीच्या रूपात.

दगडाच्या भेगांमध्ये आणि पृष्ठावर मँगनीजची ऑक्साइडे साचून झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या आकृत्या तयार होतात. पाने किंवा शेवाळ म्हणून त्यांची नोंद वारंवार होते. भिंगाखाली या आकृत्यांत पानाची शीर, देठ किंवा पेशींची कोणतीही रचना दिसत नाही. फक्त एकाच पातळीवर पसरलेला रंग दिसतो. अग्नीच्या धगीने किंवा कडक गारठ्याने चकमकीचे गोलसर टवके उडतात, आणि त्यांमागे राहिलेले उथळ गोल खड्डे एखाद्या जीवाच्या ठशासारखे वाटतात. या खड्ड्यांना आघातबिंदू नसतो आणि आत कोणतीही सममिती नसते. रंगीत एककेंद्री पट्टे हे सिलिका साचण्याच्या लयीमुळे किंवा लोहाच्या विसरणामुळे बनतात. त्यांनाही जीवाश्म म्हणता येत नाही.

संशय आला की एकच प्रश्न विचारावा: ही आकृती काही नियमाने पुन्हा पुन्हा येते का? जिवंत शरीराच्या रचनेत पंचकोनी सममिती, ठरावीक अंतरावरची छिद्रे, ठरावीक दिशेने वाढणाऱ्या कप्प्यांची रांग अशी शिस्त असते. खनिजांच्या आकृत्यांत क्वचितच अशी शिस्त सापडते.

नेहमी भेटणारे प्राणी

क्रिटेशस चकमकीत सर्वांत सहज ओळखू येणारा पाहुणा म्हणजे समुद्री अर्चिन. त्याच्या कवचावर छिद्रांच्या दुहेरी ओळींचे पाच पट्टे असतात आणि ते माथ्यापासून खाली उतरतात. कॉन्युलसचा आकार शंकूसारखा असतो, एकिनोकोरिस शिरस्त्राणासारखा उंच आणि लंबगोल असतो, तर मायक्रास्टरची बाह्यरेषा हृदयाकृती असून माथ्यावर पाच पाकळ्या खोल उमटलेल्या असतात. मायक्रास्टरचे महत्त्व वेगळे आहे. मार्गेट येथील डॉक्टर आर्थर रो यांनी १८९९ मध्ये खडूच्या एकावर एक असलेल्या थरांतून काळजीपूर्वक गोळा केलेल्या मायक्रास्टरच्या नमुन्यांवरून दाखवून दिले, की काळानुसार या अर्चिनच्या पाकळ्यांची खोली, त्यांतील कणांची नक्षी आणि तोंडाची जागा क्रमाने बदलत गेली. म्हणून हत्यारात चांगल्या स्थितीतला मायक्रास्टर असेल, तर तो दगड खडूच्या कोणत्या थरातला, हे बरेच नेमके सांगता येते. तेच काम तुटक्या काट्यावरून किंवा एखाद्या पट्टीवरून होत नाही. तिथे ‘अर्चिनचा काटा’ इतके लिहून थांबणेच शहाणपणाचे असते.

शिंपला आणि ब्रॅकिओपॉड हा शिंपल्यासारखाच दोन झडपांचा, पण वेगळ्या गटातला समुद्री प्राणी, यांत गल्लत होते, आणि ती सममिती पाहून मिटवता येते. ब्रॅकिओपॉडच्या एकाच झडपेचे मधोमध दोन सारखे भाग पडतात, पण त्याच्या वरच्या आणि खालच्या झडपा एकसारख्या नसतात. बहुतेक शिंपल्यांचे उलट असते: दोन झडपा एकमेकींची प्रतिबिंबे असतात आणि प्रत्येक झडप स्वतः तिरकी असते. कालवांसारखे काही शिंपले हा नियम पाळत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवावे. इनोसेरॅमस या क्रिटेशस शिंपल्याचा लहानसा तुकडाही ओळखू येतो, कारण त्याचे कवच पृष्ठाला काटकोनात उभ्या असलेल्या कॅल्साइटच्या बारीक स्तंभांचे बनलेले असते, आणि फुटलेल्या कडेवर ते तंतूंसारखे दिसतात.

स्पंज हे चकमकीचे मूळ साहित्य पुरवणारे जीव असल्याने त्यांच्या खुणा जिकडेतिकडे असतात, तरी त्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. व्हेंट्रिक्युलाइटिससारख्या फुलदाणीच्या आकाराच्या स्पंजाचा आडवा छेद हत्याराच्या पृष्ठावर नागमोडी कड्यासारखा दिसतो. ज्याला स्पंजाचा पूर्ण आकार माहीत नाही, तो याला सहज प्रवाळ समजतो. प्रवाळात केंद्राकडे जाणारे स्पष्ट उभे पडदे असतात, स्पंजात तशी पडद्यांची रचना नसून जाळी असते. ब्रायोझोआ या वसाहत करून राहणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतींवर एक मिलिमीटरहूनही लहान छिद्रांच्या ओळी असतात. बेलेम्नाइट या माकुळासारख्या नामशेष प्राण्याच्या गोळीसारख्या कवचाचा आडवा छेद गोल असून त्यात मध्यापासून परिघाकडे जाणारे तंतू दिसतात. समुद्रलिली या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याच्या देठाचे तुकडे म्हणजे मधोमध छिद्र असलेल्या चकत्या. कृमींच्या नळ्या वेड्यावाकड्या वळतात आणि त्यांना कप्पे नसतात.

चकमकीबाहेर अश्मीभूत लाकडाचाही उल्लेख केला पाहिजे, कारण तिथे संपूर्ण हत्यारच जीवाश्म असते. म्यानमारमधील इरावती नदीच्या खोऱ्यात अश्मीभूत लाकडापासून बनवलेली हत्यारे मोठ्या संख्येने मिळाली. १९३० च्या दशकात हॅलम मोव्हियस यांनी त्यांचा अभ्यास करून त्या परंपरेला अन्याथियन हे नाव दिले. त्रिपुरातील नदीखोऱ्यांतही अश्मीभूत लाकडाची हत्यारे सापडलेली आहेत. लाकूड दगड झाले तरी त्याच्या धाग्यांची दिशा कायम राहते आणि तडा त्याच दिशेने धावतो, म्हणून अशी हत्यारे बहुधा सपाट, आयताकृती घडतात. आडव्या छेदात वाढीची वलये आणि केंद्रातून निघणारे किरण दिसले, तर ते लाकूड आहे याविषयी शंका उरत नाही. त्यात गोल वाहिन्यांची छिद्रे असतील तर झाड सपुष्प वर्गातले, नसतील तर बहुधा सूचिपर्णी. वलयांऐवजी सर्वत्र विखुरलेले ठिपके असतील तर ताडवर्गीय. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यातील नाइफ रिव्हर फ्लिंट हा तपकिरी, अर्धपारदर्शक दगडही मुळात सिलिकाने भरलेला वनस्पतिज गाळ आहे. तो १० हजारांहून अधिक वर्षे हत्यारांसाठी वापरला गेला आणि त्याच्या पातळ कडेतून पाहिले तर वनस्पतींचे तुकडे स्पष्ट दिसतात.

माणसाने तो मुद्दाम राखला का

इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यातील वेस्ट टॉफ्ट्स येथे मिळालेली हातकुऱ्हाड या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. ती केंब्रिज विद्यापीठाच्या पुरातत्त्व व मानवशास्त्र संग्रहालयात आहे. तिच्या एका बाजूवर, जवळजवळ मधोमध, स्पॉन्डिलस स्पिनोसस या क्रिटेशस शिंपल्याचा पसरट ठसा आहे आणि चहूबाजूंनी छिलके काढून कडा घडवलेल्या आहेत. शिंपला मध्यभागी राहील अशा बेताने कारागिराने दगड घडवला, असा अर्थ केनेथ ओकली यांच्यासारख्या अभ्यासकांनी लावला आणि मानवी सौंदर्यबुद्धीचा अतिप्राचीन पुरावा म्हणून या हत्याराचे छायाचित्र जगभर छापले गेले.

मला हा अर्थ आवडतो, पण तो सिद्ध झाला आहे असे मी म्हणणार नाही. शिंपला दगडाच्या सालीवर, म्हणजे मूळ गोळ्याच्या बाहेरच्या आवरणावर आहे. हातकुऱ्हाड घडवताना कडा धारदार कराव्या लागतात. मधला भाग पुरेसा पातळ असेल तर त्याला हात लावण्याची गरज नसते, आणि मधोमध साल तशीच राहिलेल्या साध्या हातकुऱ्हाडी पुष्कळ आहेत. मग शिंपला टिकला तो कारागिराच्या इच्छेने की कामाच्या ओघात, हे केवळ त्याच्या जागेवरून कसे ठरणार?

इथे छिलक्यांच्या खाचा वाचाव्या लागतात. जीवाश्म हा घडणाऱ्याच्या दृष्टीने दगडातला दोष असतो: त्यातील पोकळ्या आणि भरड सिलिका तड्याला अडवतात, आणि छिलका निमुळता होत निघण्याऐवजी पायरीसारखा तुटतो. जीवाश्माच्या कडेला अशा पायऱ्या साचलेल्या असतील, तर कारागीर तो भाग काढू पाहत होता आणि त्याला ते जमले नाही, असाच अर्थ निघतो. खाचा जीवाश्मापासून थोड्या अंतरावर, कोणताही अडथळा नसताना थांबलेल्या असतील आणि तिथे आणखी छिलके काढल्याने हत्यार सुधारले असते असे दिसत असेल, तर हेतूची बाजू थोडी बळकट होते. जीवाश्म पहिल्या आघाताआधी दिसत होता की दगड फुटल्यावर उघडा पडला, हेही पाहावे लागते. सालीवरचा जीवाश्म निवडता येतो. आतून अवचित निघालेल्या जीवाश्माच्या बाबतीत, त्यानंतर काय केले गेले एवढाच प्रश्न उरतो.

याहूनही मोठा प्रश्न मोजदादीचा आहे. खडूतील चकमक जीवाश्मांनी भरलेली असल्यामुळे त्या दगडाच्या हजारो हत्यारांपैकी काहींत ठळक शिंपला किंवा अर्चिन योगायोगाने येणारच. त्याच स्थळाच्या सगळ्या हत्यारांत जीवाश्मांचे प्रमाण किती, आणि परिसरातील न घडवलेल्या गोळ्यांत ते किती, अशी तुलना केल्याशिवाय एकट्यादुकट्या देखण्या नमुन्यावरून अश्मयुगीन माणसाच्या मनाविषयी बोलणे धाडसाचे ठरते. दुर्दैवाने जुन्या संग्रहांत देखणे नमुने तेवढे वेचून ठेवलेले असतात आणि बाकीचे मागे टाकलेले असतात, त्यामुळे ही तुलना अनेकदा शक्यच होत नाही.

१९ व्या शतकात फ्रान्समधील सेंट आशूल येथील रेतीत हत्यारांबरोबर मिळालेल्या भोके असलेल्या गोल स्पंज-जीवाश्मांविषयी असाच वाद झाला. पोरोस्फेरा ग्लोब्युलॅरिस या स्पंजाच्या गोळ्यांना निसर्गतःच आरपार छिद्र असू शकते. ते माणसांनी मणी म्हणून वापरले का, हे ठरवण्यासाठी छिद्र आहे एवढे पुरत नाही, दोऱ्याच्या घर्षणाने आलेली झीज किंवा छिद्र मोठे केल्याच्या खुणा शोधाव्या लागतात. जीवाश्म कोणता हे आधी कळले, म्हणून छिद्राकडे संशयाने पाहता आले. ओळख आधी लागते ती याचसाठी.

सूक्ष्म जीवाश्म काय सांगतात

आता त्या बारीक ठिपक्यांकडे वळू. नैऋत्य फ्रान्समधील शालोस भागातील चकमकीत लेपिडॉर्बिटॉइडीस नावाचा फोरॅमिनिफेरा आढळतो. हा एकपेशी जीव असूनही त्याचे भिंगाकार कवच काही मिलिमीटरपर्यंत वाढत असे, आणि क्रिटेशसच्या अखेरीस तो नामशेष झाला. हत्याराच्या पृष्ठावर त्याचा छेद म्हणजे मधोमध फुगीर, टोकांना निमुळती अशी फिकट रेघ आणि आत कप्प्यांचे थर. मॅग्डलेनियन, म्हणजे हिमयुगाच्या अखेरच्या टप्प्यातील, शिकारी लोकांच्या वस्तीत, शालोसपासून शंभर किलोमीटरहून दूरवर, असा ठिपका असलेली पाती मिळाली की तो दगड कुठून आला हे कळते आणि त्याबरोबर माणसांच्या फिरस्तीचा किंवा देवघेवीचा मार्गही कळतो. रंगावरून असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण जमिनीत पडून राहिल्याने चकमकीवर पांढरे किंवा पिवळसर पुट चढते आणि एकाच गोळ्याचे दोन तुकडे वेगवेगळ्या रंगांचे होतात. जीवाश्म मात्र पुटाखालीही ओळखू येतो, कधी तर पुटामुळे अधिकच उठून दिसतो.

दगड समुद्रातला की गोड्या पाण्यातला, हेही सूक्ष्म जीवाश्म सांगतात. कॅरोफाइट या पाणवनस्पतींची फळे साधारण अर्धा ते एक मिलिमीटर आकाराची असतात आणि त्यांच्यावर मळसूत्री खाचा असतात. ती गोड्या पाण्यातील गोगलगायींच्या शंखांसोबत दिसली, तर चर्ट एखाद्या सरोवराच्या गाळात बनला असे म्हणता येते. त्याउलट लालसर किंवा हिरवट चर्टमध्ये रेडिओलॅरियाचे गोल ठिपके दाटीने असतील, तर तो सिलिकामय समुद्री गाळाचा, रेडिओलॅराइट म्हणून ओळखला जाणारा दगड असतो. नाण्यासारखा सपाट आणि आत वळ्यांची दाट गुंडाळी असलेला न्युम्युलाइट हा फोरॅमिनिफेरा दिसला, तर दगड क्रिटेशसनंतरचा, बहुधा इओसीन या त्यापुढच्या काळातला समजावा.

याहूनही सूक्ष्म म्हणजे डायनोफ्लॅजेलेट या एकपेशी तरंगत्या जीवांच्या कोशिका, म्हणजे त्यांची टणक संरक्षक आवरणे. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ क्रिस्टिआन गॉटफ्रीड एरेनबर्ग यांनी १८३० च्या दशकातच चकमकीच्या पातळ टवक्यांत सूक्ष्मदर्शकाखाली काटेरी कोशिका पाहिल्या होत्या. या कोशिकांचे अनेक प्रकार थोड्याथोड्या काळापुरतेच जगले, म्हणून दगडाचे वय ठरवण्यासाठी त्या फार उपयोगी पडतात. त्या दगडातून सुट्या काढण्यासाठी हायड्रोफ्लुओरिक आम्लात सिलिका विरघळवावी लागते. हे आम्ल जिवाला धोकादायक आहे आणि नमुना नष्ट होतो, म्हणून हत्यारावर ही पद्धत वापरता येत नाही. ती प्रयोगशाळेत, खाणीतून आणलेल्या नमुन्यावर करावी लागते. स्थळाच्या उत्खननात निघणारे घडणीचे बिनकामाचे टवके तपासणीसाठी देण्याचा निर्णय झाला, तर त्यांवरही ती करता येते.

एक मर्यादा इथे सांगितलीच पाहिजे. जीवाश्मावरून दगड मुळात कोणत्या थरातला हे कळते, तो उचलला कुठून हे कळतेच असे नाही. नद्या आणि हिमनद्या चकमकीचे गोळे मूळ खडकापासून दूर वाहून नेतात. सालीवर नदीच्या ठोकरींच्या चंद्रकोरी खुणा आणि गुळगुळीत झीज असेल, तर तो नदीच्या रेतीतून उचललेला असतो. मऊ, खडूसारखी ताजी साल असेल तर थेट खडकातून काढलेला असतो. जीवाश्म आणि साल या दोघांचे म्हणणे जुळवूनच उत्तर मिळते.

पाहण्याची रीत

हत्यार हाती आले की ते घासून धुण्याची घाई करू नये. कडेवर रक्त, राळ किंवा वनस्पतींचे अंश टिकलेले असू शकतात, आणि वापराने आलेली सूक्ष्म झळाळी ब्रशने बिघडते. आम्ल लावून चुना फसफसतो का ते पाहणे, टोकदार वस्तूने ओरखडा काढून कठीणपणा तपासणे किंवा जीवाश्म मोकळा करण्यासाठी टवका उडवणे, यांपैकी कोणतीही गोष्ट हत्यारावर करायची नसते. सापडलेल्या जागेची नोंद आणि छायाचित्रे आधी, उचलणे नंतर. जिथे प्राचीन वस्तू उचलण्यावर कायद्याने बंदी आहे तिथे तर उचलूच नये, संबंधित पुरातत्त्व विभागाला कळवावे.

पाहण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एक लहान विजेरी पुरते. उजेड समोरून न टाकता अगदी तिरका टाकला की उंचवटे आणि खाचा सावलीमुळे स्पष्ट होतात. दिवा हळूहळू चहूबाजूंनी फिरवावा, कारण एका दिशेच्या उजेडात न दिसणारी छिद्रांची ओळ दुसऱ्या दिशेने एकदम उमटते. अवशेषांची तपासणी झालेली असेल आणि संग्रहालयाची परवानगी असेल, तर पृष्ठावर स्वच्छ पाण्याचा एक थेंब ठेवावा. पाण्यामुळे पृष्ठावरचे प्रकाशाचे विखुरणे कमी होते आणि दगडाच्या आत एखाद-दुसऱ्या मिलिमीटर खोलीवर असलेली कवचे दिसू लागतात. पातळ कडेच्या मागे दिवा धरला तर चकमक अर्धपारदर्शक होते आणि स्पंजांच्या सुया, फोरॅमिनिफेराचे कप्पे आरपार दिसतात.

क्ष-किरणांनी आतले चित्र काढण्याची सोय आता अनेक ठिकाणी आहे, पण तिच्याकडून सरसकट चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. जीवाश्म आणि भोवतालचा दगड दोन्ही सिलिकाचेच असतील, तर त्यांच्या घनतेत फरक नसतो आणि चित्रात काहीच वेगळे उमटत नाही. कवच कॅल्साइटचे असेल, जागा पोकळ असेल किंवा लोहाच्या खनिजाने भरलेली असेल, तेव्हाच ही पद्धत खरी कामाला येते.

नोंद करताना नाव किती नेमके लिहायचे, हा निर्णय दिसणाऱ्या खुणांवर सोडावा. पाच पट्टे आणि हृदयाकृती बाह्यरेषा पूर्ण दिसत असेल तर मायक्रास्टर लिहावे. पट्टे दिसतात पण बाह्यरेषा छिलक्यांनी कापली गेली आहे, अशा वेळी ‘अर्चिन, प्रजाती अनिश्चित’ लिहावे. नुसते चमकणारे सपाट कॅल्साइट दिसत असेल तर ‘बहुधा अर्चिनचे कवच’ इतकेच. प्रत्येक नावापुढे ते कोणत्या खुणेवरून दिले हे एका वाक्यात लिहावे, जीवाश्म सालीवर आहे की फुटलेल्या पृष्ठावर हे नमूद करावे, मापपट्टीसह किमान दोन दिशांच्या उजेडातली छायाचित्रे जोडावीत, आणि ज्या हत्यारांत काहीच दिसले नाही त्यांचीही संख्या त्याच वहीत लिहावी, कारण जीवाश्म असलेल्या हत्यारांचे प्रमाण काढायचे तर या संख्येवाचून ते काढता येत नाही.